‘सर्वश्रेष्ठ रॉक आल्बम’ : एका वादाची पाठचिकित्सा

‘रोलिंग स्टोन’ या अमेरिकन नियतकालिकाने २००३ साली पाचशे सर्वश्रेष्ठ आल्बमांची क्रमवार यादी प्रसिद्ध केली. तीत अग्रस्थान बीटल्स या इंग्रज वाद्यवृंदाच्या ‘सार्जंट पेपर्स लोन्ली हार्ट्स क्लब बँड’ या १९६७ सालच्या आल्बमास मिळाले होते. २०१२ च्या सुधारित यादीतही ते स्थान अढळ राहिले. पुढे २०२० साली त्याच नियतकालिकाने तोच प्रश्न नव्याने मतास टाकला, तेव्हा हाच आल्बम चोविसाव्या स्थानी उतरला. आणि २००३ साली सहावा असलेला मार्विन गे याचा ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ (१९७१) पहिला ठरला. मधल्या काळात या मुद्रिकांतील एकही स्वर बदललेला नव्हता, असे म्हणण्याचा मोह होतो. परंतु तेही पूर्णतः खरे नाही, हे पुढे दिसून येईल.

या उलथापालथीची सर्वसामान्य मीमांसा अशी की, पिढी पालटली, अभिरुची पालटली, म्हणून निकालही पालटला. ही मीमांसा चुकीची नसली तरी अपुरी आहे. प्राचीन ग्रंथांच्या अभ्यासकास जो प्रश्न प्रथम सुचतो, तो या वादात क्वचितच विचारला गेला आहे : निर्णय देणाऱ्यांसमोर ग्रंथाची कोणती वाचना होती? ज्या आल्बमांविषयी हा वाद सहा दशके चालत आला, त्यांपैकी बहुतेकांचे एकाहून अधिक पाठ प्रचलित होते. आणि पुष्कळदा वादी व प्रतिवादी निरनिराळे पाठ हाती धरून भांडत होते.

मुळात हा प्रश्नच फार जुना नाही. ‘आल्बम’ हा शब्द ७८ फेऱ्यांच्या तबकड्या ज्या जाड बांधणीच्या पुस्तकवजा वेष्टनांत ठेवीत, त्यांवरून आला. अमेरिकेतील कोलंबिया कंपनीने जून १९४८ मध्ये मिनिटास ३३ १/३ फेऱ्यांची दीर्घ ध्वनिमुद्रिका बाजारात आणली. तिच्या एका बाजूवर सुमारे वीस-बावीस मिनिटांचे संगीत मावू लागले. अभिजात पाश्चात्त्य संगीताला ही सोय तत्काळ मानवली. तरुणांच्या लोकप्रिय संगीतात मात्र पुढील पंधरा वर्षे एकेका गीताची छोटी तबकडी हेच चलनी नाणे राहिले. मोठी तबकडी म्हणजे दोन गाजलेली गीते आणि त्यांच्या आधाराने खपविलेली दहा भरताड गीते, अशीच बहुधा स्थिती असे. जोवर मोठी तबकडी ही एक सलग कृती म्हणून ऐकली जात नव्हती, तोवर त्यांतील श्रेष्ठ कोणती, हा प्रश्न संभवतच नव्हता.

‘सार्जंट पेपर’ने हा प्रश्न संभवनीय केला, हे त्याचे ऐतिहासिक महत्त्व. नोव्हेंबर १९६६ ते एप्रिल १९६७ एवढा काळ लंडनच्या ॲबी रोडवरील ई. एम. आय. कंपनीच्या स्टुडिओत, चार ट्रॅकच्या टेपयंत्रांवर, जॉर्ज मार्टिन हा निर्माता व जेफ एमरिक हा ध्वनिमुद्रक यांच्या साहाय्याने त्याची सिद्धता झाली. ‘अ डे इन द लाइफ’ या अखेरच्या गीतासाठी चाळीस वादकांचा वाद्यमेळ बोलाविण्यात आला होता. गीतांचे शब्द वेष्टनाच्या पाठीमागे छापलेले होते. म्हणजे ही तबकडी ऐकण्याबरोबर वाचावयाचीही होती. १९६८ साली वर्षातील उत्कृष्ट आल्बमचा ग्रॅमी पुरस्कार या कृतीस मिळाला. रॉक संगीतास हा मान प्रथमच लाभला. या संगीताची गंभीर चिकित्सा करणारी नियतकालिकेही याच सुमारास उदयास आली. ‘क्रॉडॅडी’चा आरंभ १९६६ चा आणि खुद्द ‘रोलिंग स्टोन’चा नोव्हेंबर १९६७ चा. न्यायासन आणि त्यापुढील पहिला मोठा दावा यांचा जन्म असा एका वर्षाच्या आगेमागे झाला. हे ध्यानी घेतले म्हणजे त्या दाव्याचा निकाल इतकी वर्षे एकाच बाजूने का लागत गेला, याचे फारसे आश्चर्य वाटत नाही.

पहिल्या प्रतिकूल अभिप्रायाची हकीकत या संदर्भात उद्बोधक आहे. रिचर्ड गोल्डस्टीन या तरुण समीक्षकाने १८ जून १९६७ च्या ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये या आल्बमवर कठोर टीका केली. क्लृप्त्यांचा अतिरेक झाला असून गीतरचनेकडे दुर्लक्ष झाले आहे, असा त्याचा रोख होता. त्या उत्साहाच्या दिवसांत त्याच्यावर वाचकांचा रोष ओढवला. पुष्कळ वर्षांनी त्याने स्वतःच असा खुलासा केला की, त्या वेळी त्याच्या घरच्या यंत्राचा एक ध्वनिक्षेपक नादुरुस्त होता. स्टीरिओ मुद्रिकेचा एक ध्वनिक्षेपक बंद असेल तर कित्येक वाद्ये, क्वचित मुख्य आवाजही, ऐकणाऱ्याच्या वाट्याला येत नाहीत. गोल्डस्टीनचा आक्षेप यामुळे निकालात निघतो असे नाही. तोच आक्षेप पुढे दोन्ही ध्वनिक्षेपक शाबूत असलेल्या अनेकांनीही घेतला. परंतु या वादातील पहिलीच प्रतिकूल साक्ष खंडित पाठावर आधारलेली होती, ही गोष्ट नोंदवून ठेवण्याजोगी आहे.

खंडित पाठाचे याहून मोठे उदाहरण अमेरिकन आवृत्त्यांचे. बीटल्सच्या मुद्रिका अमेरिकेत कॅपिटॉल ही कंपनी प्रसिद्ध करी. ही कंपनी इंग्लंडमधील मूळ संहिता जशीच्या तशी कधीच छापीत नसे. चौदा गीतांतून काही वगळून अकरा-बारांचा आल्बम करावयाचा आणि उरलेल्या गीतांतून आणखी एक आल्बम उभा करावयाचा, असा तिचा व्यापारी शिरस्ता होता. ऑगस्ट १९६६ मध्ये निघालेल्या ‘रिव्हॉल्व्हर’ची अमेरिकन आवृत्ती याच रीतीने अकरा गीतांची झाली. वगळलेली तिन्ही गीते मुख्यतः जॉन लेनन याची होती. परिणामी अमेरिकन श्रोत्यास त्या आल्बमात लेननची केवळ दोन गीते व जॉर्ज हॅरिसनची तीन गीते ऐकू येत. मूळ कृतीतील तोल, म्हणजे लेनन व पॉल मॅकार्टनी यांच्यातील तुल्यबळ स्पर्धा, त्या पाठात उरलेलाच नव्हता. १९८७ साली कॉम्पॅक्ट डिस्क निघाल्या तेव्हा ब्रिटिश पाठ सर्वत्र प्रमाण मानण्यात आला, आणि अमेरिकेतील श्रोत्यांच्या हाती ‘रिव्हॉल्व्हर’ची पूर्ण संहिता आली. उलट ‘सार्जंट पेपर’ हा बीटल्सचा असा पहिला आल्बम होता की, ज्यातील गीते व त्यांचा क्रम दोन्ही देशांत आरंभापासून एकच होता. दोहोंची तुलना अमेरिकेत वीस वर्षे चालली ती अशी : एकाचा संपूर्ण ग्रंथ आणि दुसऱ्याची त्रुटित पोथी.

यानंतर ‘रिव्हॉल्व्हर’ची प्रतिष्ठा वाढत गेली. कॉलिन लार्किन याने वाचकांच्या मतांवरून सिद्ध केलेल्या एक हजार आल्बमांच्या कोशात १९९४ साली ‘सार्जंट पेपर’ पहिला होता. १९९८ व २००० च्या आवृत्त्यांत तो मान ‘रिव्हॉल्व्हर’ला मिळाला. तथापि या वाढीचे सर्व श्रेय पाठशुद्धीस देता येणार नाही. लार्किनचा कोश ब्रिटिश होता, आणि ब्रिटनमध्ये शुद्ध पाठ पहिल्या दिवसापासून उपलब्ध होता. तेथेही ‘न्यू म्युझिकल एक्सप्रेस’च्या १९७४ च्या यादीत ‘सार्जंट पेपर’च पहिला आला होता. तेव्हा ब्रिटनपुरते तरी रुचिपालटाचे कारण मान्य करावे लागते. १९६७ च्या उन्हाळ्याची जी आठवण त्या मुद्रिकेस चिकटलेली होती, ती नसलेले मतदार पुढे आले आणि गीतागणिक तोलून पाहू लागले.

पाठभेदाचा सर्वांत विलक्षण परिणाम मात्र ‘रबर सोल’ या डिसेंबर १९६५ च्या आल्बमात दिसतो. आणि तो परिणाम हानीचा नव्हे, लाभाचा आहे. कॅलिफोर्नियातील बीच बॉइज या वाद्यवृंदाचा संगीतकार ब्रायन विल्सन हा आल्बम ऐकून थक्क झाला. एकही गीत भरतीचे नाही, आरंभापासून अखेरपर्यंत एकच भाववृत्ती आहे, असा त्याचा अनुभव होता. आणि आपणही असाच एकसंध आल्बम करावयाचा, या ईर्षेतून त्याने मे १९६६ मध्ये ‘पेट साउंड्स’ सिद्ध केला. परंतु विल्सनने जो ‘रबर सोल’ ऐकला तो अमेरिकन होता. कॅपिटॉलने मूळ आल्बममधील ‘ड्राइव्ह माय कार’, ‘नोव्हेअर मॅन’ यांसह चार गीते काढून टाकली होती आणि आधीच्या ब्रिटिश आल्बमातील दोन सौम्य गीते आत घातली होती, त्यांतील एक तर अगदी आरंभी. यामुळे लोकसंगीताच्या धाटणीची, तारवाद्यांच्या मृदू नादाची एक सलगता त्या मुद्रिकेस लाभली. जी एकात्मता विल्सनला भावली, तिचा निदान काही भाग बीटल्सने योजिलेला नसून कंपनीच्या कचेरीत झालेल्या कापाकापीतून उपजलेला होता. ‘पेट साउंड्स’ने मॅकार्टनीस भारून टाकले, आणि ‘सार्जंट पेपर’मागे ती प्रेरणा होती हे त्याने वेळोवेळी सांगितले आहे. म्हणजे ज्या परंपरेतून ‘एकसंध आल्बम’ ही कल्पना रुजली, तिच्या मुळाशी एक प्रक्षिप्त पाठ आहे. पाठचिकित्सेच्या इतिहासात अपपाठातून नवे काव्य निपजल्याची उदाहरणे आहेत. हे त्याच जातीचे.

‘पेट साउंड्स’चे पुढील दैव निराळे. विल्सन त्या वेळी अवघ्या तेवीस वर्षांचा होता. टोनी अॅशर याच्याकडून बहुतेक गीतांचे शब्द लिहवून घेऊन, लॉस एंजेलिसच्या कसलेल्या स्टुडिओ-वादकांकरवी त्याने ही रचना मुद्रित केली. सायकलची घंटा, बेस हार्मोनिका, कुत्र्यांचे भुंकणे असे नाद त्याने वाद्यमेळात मिसळले, आणि तरीही कृती गोंधळाची न होता एकाकी तारुण्याची एक अखंड कैफियत झाली. इंग्लंडमध्ये ती खपाच्या यादीत दुसऱ्या स्थानापर्यंत गेली. स्वदेशी मात्र दहाव्या स्थानापुढे सरकली नाही. दोन महिन्यांच्या आतच कॅपिटॉलने बीच बॉइजच्या जुन्या लोकप्रिय गीतांचा संग्रह बाजारात आणला, आणि नव्या कृतीकडे ग्राहकाचे लक्ष जाण्याचा उरलासुरला संभवही मावळला. ‘स्माइल’ हा त्यानंतरचा महत्त्वाकांक्षी संकल्प १९६७ साली सोडून द्यावा लागला. ब्रिटनमधील निर्णयकांनी या उपेक्षेची भरपाई पुढे केली : १९९३ साली ‘टाइम्स’ व ‘न्यू म्युझिकल एक्सप्रेस’ या दोघांनी आणि १९९५ साली ‘मोजो’ने ‘पेट साउंड्स’ला पहिले स्थान दिले. १९९७ मध्ये त्याच्या ध्वनिमुद्रणाच्या टप्प्याटप्प्यांचे टाचण असावे तसा संच प्रसिद्ध झाला. मूळ मुद्रिका केवळ मोनो होती, तिचे खरे स्टीरिओ रूपही त्यात प्रथमच ऐकावयास मिळाले. विल्सनचे निधन जून २०२५ मध्ये झाले.

मोनो व स्टीरिओ हा पाठभेद ‘सार्जंट पेपर’लाही चुकला नाही, आणि तेथे तो अधिक नाजूक आहे. १९६७ साली ब्रिटनमधील तरुण श्रोता प्रायः मोनो यंत्रावर ऐके. म्हणून बीटल्सनी मोनो मिश्रणावर जातीने लक्ष दिले. स्टीरिओ मिश्रण मागाहून, तंत्रज्ञांनी, त्या मानाने थोड्या वेळात उरकले. दोहोंत फरक बारीक असले तरी ऐकू येण्याजोगे आहेत. ‘शीज लीव्हिंग होम’ हे गीत मोनोमध्ये अधिक द्रुत व चढ्या स्वरात आहे. काही वर्षांतच मोनो तबकड्या मागे पडल्या. १९७० नंतर ज्यांनी ज्यांनी मत दिले, त्यांच्यापैकी बहुतेकांनी कर्त्यांनी ज्याकडे विशेष लक्ष दिले नव्हते तोच पाठ ऐकलेला होता. मोनो पाठ कॉम्पॅक्ट डिस्कवर सर्वसुलभ झाला तो २००९ साली. आणि २०१७ मध्ये जॉर्ज मार्टिनचा पुत्र जाइल्स मार्टिन याने मोनोचा आदर्श समोर ठेवून नवे स्टीरिओ मिश्रण सिद्ध केले. २००३ साली जो ‘सार्जंट पेपर’ पहिला आला व २०२० साली जो चोविसावा आला, ते दोन्ही काटेकोर अर्थाने एकच नव्हेत.

आता मतदारांविषयी. २००३ च्या यादीसाठी २७३ संगीतकार, समीक्षक व व्यावसायिक यांनी प्रत्येकी पन्नास आल्बमांची नावे दिली होती. त्या यादीच्या पहिल्या दहांत बीटल्सचे चार व बॉब डिलनचे दोन आल्बम होते. जोनी मिचेल हिचा ‘ब्लू’ (१९७१) तिसाव्या स्थानी होता. २०२० साली तीनशेहून अधिक मतदार नव्याने निवडण्यात आले. त्यांत तरुण, स्त्रिया, कृष्णवर्णीय कलावंत व रॉकव्यतिरिक्त संगीत करणारे यांचा भरणा अधिक होता. ‘ब्लू’ तिसऱ्या स्थानी आला; ‘पेट साउंड्स’ मात्र दोन्ही वेळी दुसराच राहिला. हा शेवटचा तपशील बारकाईने पाहण्याजोगा आहे. अशा मोजणीत अनेकांच्या यादीत वरच्या जागी असणे हे काहींच्या यादीत पहिले असण्याहून फलदायी ठरते; आणि ज्या कलावंताची एकच कृती स्पर्धेत आहे, त्याची मते फुटत नाहीत. बीटल्सची मते मात्र पाचसहा आल्बमांत विभागली जातात. २०२० साली त्यांच्यातला सर्वांत वरचा आल्बम ‘ॲबी रोड’ होता, पाचवा.

नव्या मतदारांनी समतेच्या हव्यासाने मार्विन गेला वर चढविले, असा आक्षेप त्या वेळी घेतला गेला. हा आक्षेप इतिहासाच्या अज्ञानातून आलेला आहे. ‘न्यू म्युझिकल एक्सप्रेस’ने १९८५ सालीच ‘व्हॉट्स गोइंग ऑन’ला पहिले स्थान दिले होते, पस्तीस वर्षे आधी. व्हिएतनामच्या युद्धातून परतलेल्या भावाच्या अनुभवांची छाया असलेला, गीतांमागून गीते न थांबता वाहत नेणारा हा आल्बम सलग रचनेच्या कसोटीवर ‘सार्जंट पेपर’हून सरस आहे. तो ‘रॉक’ नव्हे, सोल आहे, ही सबब तेवढी खरी. परंतु २००३ साली तो सहावा आला तेव्हा ती कोणी पुढे केली नव्हती.

खपाच्या आकड्यांची साक्ष या वादात कित्येकदा काढली जाते. पिंक फ्लॉइडचा ‘द डार्क साइड ऑफ द मून’ (१९७३) अमेरिकेच्या खपाच्या यादीत १९८८ पर्यंत सातशेहून अधिक आठवडे राहिला. तरी तेथे अग्रस्थानी तो एकच आठवडा होता. त्याच्या अमेरिकेतील यशामागे कॅपिटॉलचे तत्कालीन प्रमुख भास्कर मेनन यांची चिकाटी होती, ही गोष्ट खप हे गुणाचे निखळ माप नसते हेच दाखविते. याच मेननांनी जानेवारी १९६८ मध्ये हॅरिसन मुंबईच्या एचएमव्ही स्टुडिओत ध्वनिमुद्रणास आला असता, तेथे स्टीरिओ यंत्र नसल्यामुळे, कलकत्त्याहून दोन ट्रॅकचे यंत्र आणून दिले होते.

सर्व पक्षांचा विचार करता असे म्हणावे लागते की, ‘सार्जंट पेपर’ने दीर्घकाळ भोगलेले अग्रस्थान हे मुख्यतः आद्यत्वाचे होते. शुद्ध पाठ समोर ठेवून गीतामागून गीत पाहिले तर बीटल्सच्या कृतींत ‘रिव्हॉल्व्हर’चे पारडे जड आहे. ‘पेट साउंड्स’मध्ये जी एकाग्रता आहे ती बीटल्सच्या कोणत्याही आल्बमात नाही, तिला चार मनांची विविधता मात्र नाही.

या वादात एका पक्षाची साक्ष क्वचितच काढली गेली : ज्यांच्या हातांनी हे आल्बम वाजविले गेले त्या वादकांची. ‘सार्जंट पेपर’चे वेष्टन प्रसिद्ध व्यक्तींच्या चित्रांनी गजबजलेले आहे. त्यात महात्मा गांधींचेही चित्र होते. भारतात रोष होईल व तेथील विक्रीस बाध येईल या धास्तीने ई. एम. आय.चे अध्यक्ष सर जोसेफ लॉकवुड यांनी ते काढावयास लावले. परमहंस योगानंद व त्यांच्या परंपरेतील गुरू मात्र राहिले. वेष्टनावरील भारताची एवढी काळजी वाहिली गेली; परंतु आतील ‘विदिन यू विदाउट यू’ या गीतात दिलरुबा, तबला व तंबोरा वाजविणाऱ्या, लंडनच्या एशियन म्युझिक सर्कलमधील भारतीय वादकांचे नाव कोठेही छापले गेले नाही. अण्णा जोशी, अमृत गज्जर, बुद्धदेव कन्सारा व नटवर सोनी ही नावे सर्वांपुढे आली ती २०१७ साली, पन्नास वर्षांनी. ‘पेट साउंड्स’च्या मूळ वेष्टनावरही कॅरोल के, हॅल ब्लेन इत्यादी स्टुडिओ-वादकांचा उल्लेख नव्हता. मोटाउन कंपनीची रीत याहून वेगळी नव्हती. जेम्स जेमर्सन याच्यासारखा असामान्य बेसवादक अनेक वर्षे निनावी वाजवीत राहिला. त्याचे व त्याच्या सहकाऱ्यांचे नाव मोटाउनच्या आल्बमवर प्रथम छापले गेले ते १९७१ साली, ‘व्हॉट्स गोइंग ऑन’च्या वेष्टनावर.